हळद्याचा कौल

“चाखायचं न्हाई,” आक्कासाहेब म्हणाल्या. “वाससुदीक घ्यायचा न्हाई. देवाच्या आधी आपल्या नाकातोंडाशी गेलं, की उष्टं झालं.”

मी हातात सुरी घेऊन त्यांच्या ओट्यापाशी उभी होते. समोर ताटात अंजिरं होती, चिकू होते, कलिंगडाची एक फोड होती आणि वाडग्यात सायीचं दही होतं. या सगळ्याचा बर्फ करून तो मला एका कुत्र्याला खायला घालायचा होता. कुत्र्यानं खाल्ला की माझं लग्न ठरणार होतं.

ही काही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नाही. घरात फ्रिज होता, टीव्ही होता, पोर्चमध्ये जीप होती आणि नवरा मुलगा शेतकीतला पदवीधर होता. सासवडच्या पुढं अंजिरांच्या बागा लागतात, त्या पट्ट्यात कुंजीरांचा बंगला होता. मी भोरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आमच्या आप्पांचं बाजारपेठेत कापडाचं छोटं दुकान. माझं वय लोकांनी बोलण्याइतकं वाढलेलं, आणि माझ्या पाठची बहीण माझ्या लग्नाकडं डोळे लावून बसलेली. पाहुणे यायचे, पोहे खायचे, आप्पांच्या दुकानातून सवलतीत कापड फाडून न्यायचे आणि निरोप पाठवायला विसरायचे.

धैर्यशील कुंजीर मात्र मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. पुण्याला माझ्या मामांकडं आम्ही पहिल्यांदा भेटलो. तू स्वयंपाक काय काय करतेस, असं त्यानं विचारलं नाही. तुम्ही वर्गात प्रयोग करून दाखवता की नुसता फळा खरडता, असं विचारलं आणि उत्तर नीट ऐकून घेतलं. सासवडला शाळा आहेत, नोकरी सोडायचं कारण नाही, मी रोज मोटरसायकलवरून सोडीन, असंही म्हणाला. नंतर कितीतरी दिवस मी वर्गात ऑक्सिजन तयार करताना त्या मोटरसायकलवर बसलेली असायचे.

मध्यस्थानं सांगितलं होतं की सगळं पसंत आहे, फक्त त्यांच्या घरात कुत्र्याचा एक रिवाज आहे, तेवढा करून घ्या. नावापुरता आहे.

खंडोबा आमचाही देव. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आमच्या घरीही आधी कुत्र्यापुढं ठेवतात, त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. पण वर्षातून एकदा कुत्र्याला मान देऊन आक्कासाहेबांचं, म्हणजे धैर्यशीलच्या आईचं, भागत नव्हतं. घरातली प्रत्येक गोष्ट त्या कुत्र्याला विचारून करायच्या. पूर्वी त्यासाठी भाकरी असायची आणि गावातलं कुठलंही कुत्रं चालायचं. मग पैसा आला आणि पुण्याहून पिवळ्या रंगाचा लॅब्राडॉर आला. रंगावरून त्याचं नाव हळद्या ठेवलं. उन्हाळ्यात त्याला धाप लागायला लागली तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी फळं आणि दही गोठवून द्या म्हणून सांगितलं. डॉक्टरांचा उपाय आक्कासाहेबांनी सोवळ्यात घेतला. फळांचा बर्फ हा नैवेद्य झाला, आणि नैवेद्य खाऊन कुत्रं देवाचा कौल द्यायला लागलं.

हे सगळं त्यांनी मला अभिमानानं सांगितलं. बोअर कुठं पाडायची, थोरल्यानं सोसायटीची निवडणूक लढवायची का, कुठला गडी ठेवायचा आणि कुठला काढायचा, सगळं हळद्याला विचारून. प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि बर्फाचा तुकडा पुढं करायचा. खाल्ला तर होय, नाही खाल्ला तर नाही.

मी विचारलं, “कधी नाही म्हणालाय का तो?”

“न्हाई,” आक्कासाहेब म्हणाल्या. “आमचे प्रश्नच चुकत न्हाईत.”

हे वाक्य त्यांनी इतक्या गंभीरपणे उच्चारलं की मला खाली मान घालून अंजिराचे देठ कापायला लागावं लागलं. लॅब्राडॉर म्हणजे काय हे मला माहीत होतं. आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंकडं होता. त्यानं एकदा वहीचे कागद खाल्ले होते, पुठ्ठ्यासकट. अशा जनावरापुढं फळांचा बर्फ धरायचा आणि देवाची संमती मिळाली म्हणून कपाळाला भंडारा लावायचा. देव बिचारा जेजुरीला डोंगरावर बसलेला, त्याला या बंगल्यात आपल्या नावानं काय चाललंय याची खबरही नसेल.

पण मला धैर्यशील हवा होता. त्याच्यासाठी एका कुत्र्याला बर्फ भरवायचा, यात माझं काही जाणार नव्हतं. एक दिवस मूर्खपणा करायचा आणि मग आयुष्यभर शहाण्यासारखं राहायचं, असा माझा हिशेब होता.

हाताखाली थोरली सून होती. रत्नावहिनी. डोक्यावर पदर, नजर जमिनीला, बोलणं अजिबात नाही. अंजिराचा चीक धुऊन टाका, तोंडाला खाज येते, एवढं त्यांनी सांगितलं. चिकूच्या बिया काढून दिल्या. कलिंगडाच्या बिया त्या सुईच्या टोकानं एकेक उकरत होत्या, इतक्या मन लावून की मला त्यांची चीड आली. आक्कासाहेब मध्येच म्हणाल्या होत्या की ही बीएड आहे बरं का, तुमच्यासारखी. बीएड झालेली बाई कुत्र्याच्या कलिंगडातल्या बिया काढत बसली होती आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं. असल्या बायकांमुळंच असल्या सासवा तयार होतात, असं मी मनात म्हटलं.

फळं कुस्करून दह्यात कालवली. डॉक्टर गोड नको म्हणाले होते, पण नैवेद्य फिका कसा दाखवायचा, म्हणून त्यात कुटलेली खडीसाखर घालायची असते असं कळलं. वहिनींनी ती डब्यातून वाटीत काढून दिली. मी ती घातली, ढवळली आणि चमच्याला लागलेलं चाटायला हात तोंडाकडं गेला. सवयीनं गेला. आक्कासाहेबांनी घसा खाकरला. मी हात खाली घेतला आणि मिश्रण ट्रेमध्ये ओतलं. त्या ट्रेमध्ये घरातल्या माणसांसाठी कधी बर्फ करत नाहीत, हेही मला सांगण्यात आलं.

बर्फ होईपर्यंत जेवणं झाली. आप्पा थोरल्या भावाबरोबर पानसुपारी करत बसले, त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी सैलपणा दिसत होता. धैर्यशीलनं मला बाग दाखवली. झाडांखालून चालताना तो हळूच म्हणाला की घाबरू नका, हळद्या चपलासुद्धा खातो. आम्ही दोघं हसलो. यालाही हा सगळा खुळेपणा कळतोय, या विचारानं मला तो आणखीच आवडला. आम्ही परत आलो तेव्हा तो पायरीवर थांबला, चेहरा गंभीर केला, आणि मग आत गेला. तेही मला तेव्हा गोडच वाटलं.

ऊन उतरल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. गालिच्यावर पाट मांडला होता आणि पाटावर हळद्या बसला होता, जीभ बाहेर काढून, शेपटी आपटत. आक्कासाहेबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. मग मोठ्यानं विचारलं की भोरची विजयमाला सून म्हणून या घरात यावी का. मी ताटली पुढं केली. अंजिराचा गुलाबी गर बर्फात छान दिसत होता.

हळद्यानं एक तुकडा जिभेवर घेतला आणि टाकून दिला. कान मागं गेले. त्यानं जोरात डोकं झाडलं, शिंकला, मला वाटलं आता दुसरा उचलेल, पण तो पाटावरून उतरला आणि दिवाणाखाली जाऊन बसला.

आक्कासाहेब उठल्या, त्यांनी स्वतः एक तुकडा घेतला आणि वाकून दिवाणाखाली धरला. त्या कुत्र्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताकडं पाठ केली. त्या सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्यांनासुद्धा माहीत नव्हतं की आपला स्वतःचा या कौलावर विश्वास आहे.

“देव नको म्हणतोय,” त्या म्हणाल्या.

आप्पा उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आयुष्यात त्यांनी गिऱ्हाईकापुढंसुद्धा टोपी काढलेली मी पाहिली नव्हती. पोरगी चांगली आहे, जनावराचं पोट बिघडलं असेल, उद्या परवा पुन्हा एकदा बघता आलं तर, असं काहीतरी ते बोलत राहिले. एका लॅब्राडॉरच्या पुढ्यात माझा बाप टोपी हातात धरून उभा होता. आक्कासाहेब म्हणाल्या की कौल परत लावायचा नसतो.

मी ताटली उचलली आणि स्वयंपाकघरात गेले. कुठंतरी जायला हवं होतं आणि हातात ताटली होती, म्हणून तिकडं. तिथं एकटीच उभी असताना मला पहिल्यांदा सुचलं की आता हे उष्टं झालं तरी कुणाचं काही बिघडत नाही. मी एक तुकडा तोंडात टाकला.

जीभ आखडली. गाल आत ओढले गेले. पाणी निवळायला आमच्या घरी माठात फिरवतात ती तुरटी.

मागं पावलं वाजली. रत्नावहिनी दारात उभ्या होत्या, आणि या वेळी त्यांची नजर जमिनीला नव्हती.

“मीच कुटली,” त्या म्हणाल्या. “इथं कुणी चाखत नाही, त्यामुळं कळायची भीती नव्हती.”

मी का म्हणून विचारलं. विचारताना माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी दार लोटून घेतलं.

“माझे वडील अंथरुणाला खिळले होते. मला माहेरी जायचं होतं. आक्कासाहेबांनी कौल लावला. रत्नानं इथंच राहावं का, असं विचारलं. हळद्यानं खाल्लं. वडिलांना बघायला मी गेले ती दहाव्याला. त्याच्या आधी नोकरीचं झालं होतं. हिनं शाळा सोडावी का, असं विचारलं. तेही त्यानं खाल्लं. तुम्हाला रोज शाळेत सोडीन म्हणालेत ना धाकटे? थोरलेही म्हणाले होते.”

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला संताप आला. यांच्या आयुष्याचं जे झालं ते झालं, माझ्या आयुष्यात तुरटी घालायचा अधिकार यांना कुणी दिला? धैर्यशील काही थोरला नव्हता. तो हसला होता बागेत. मी त्यांना तोंडावर सांगितलं की मला हे लग्न करायचं होतं.

“मग जाऊन सांगा बाहेर,” त्या म्हणाल्या. “डबा मी बदलला म्हणून सांगा. मी नाही म्हणणार नाही.”

एवढं बोलून त्या पदर सारखा करून तिथंच उभ्या राहिल्या. पळून गेल्या नाहीत, रडल्या नाहीत. सकाळपासून ज्या बाईला मी मनात नावं ठेवत होते, तिच्याइतकं ताठ त्या घरात त्या दिवशी कुणीच उभं नव्हतं.

त्यांचं नाव मी घेणार नव्हते. त्याची गरजही नव्हती. माझ्याच हातून डबा चुकला, असं म्हटलं की काम होणार होतं. सगळे हसले असते, दुसरा ट्रे लागला असता, आणि हळद्यानं आनंदानं होय म्हटलं असतं. फक्त हे आधी धैर्यशीलला सांगावं असं मला वाटलं. मी ताटली घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले आणि वळसा घालून पोर्चमध्ये आले.

तो जीपला टेकून उभा होता. मला बघून त्याला वाईट वाटलं, खरोखरच वाटलं, ते मी नाकारत नाही.

“यातला एक तुकडा खाऊन बघा,” मी म्हणाले.

“मी?”

“त्यानं का टाकला ते लगेच कळेल. खाऊ नका, नुसता चाटा.”

त्यानं ताटलीकडं बघितलं. मग त्याची नजर माझ्या डोक्यावरून मागं गेली. मी वळून पाहिलं. तिथं हॉलची खिडकी होती, तिला पडदा होता, आणि पडद्यामागं कुणीही नव्हतं.

“देवानं नाकारलेलं कसं खायचं?” तो म्हणाला.

“मघाशी बागेत तर हळद्या चपला खातो म्हणत होतात.”

“ती गंमत होती हो.” तो अर्धा पाऊल मागं सरकला. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. थोडे दिवस जाऊ द्या. आईचा राग उतरला की मी विचारीन तिला.”

“काय विचाराल?”

“पुन्हा कौल लावायचा का ते.”

मी पुढं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं ते ताटलीत होतं आणि ते वितळायला लागलं होतं. शेतकीतला पदवीधर, सहा फूट उंच, आणि एका रिकाम्या खिडकीला घाबरून बर्फाचा खडा जिभेला लावू शकत नव्हता. त्या कुत्र्यानं निदान जीभ लावून पाहिली होती. ज्या मोटरसायकलवर मी महिनाभर बसले होते तिच्यावरून मी तिथं, त्या पोर्चमध्ये, उतरले. दुखलं. खोटं कशाला बोलू, बरंच दुखलं. पण उतरताना पाय कुठं अडकला नाही.

स्वयंपाकघरात जाऊन मी एक तुकडा रुमालात बांधला, बाकीचे मोरीत टाकले, आणि ताटली, ट्रे, वाटी, चमचा स्वतः घासून काढलं. नंतर कुणी शोधायचं म्हटलं असतं तरी काही सापडू नये म्हणून. वहिनी बघत होत्या. निघताना त्यांनी मला कुंकू लावलं. त्यांच्या बोटांना अजून चिकूचा वास होता.

भोरमध्ये माझं नाव कुत्र्यानं नाकारलेली असं पडलं, आणि ते बराच काळ टिकलं. बहिणीचं लग्न माझ्या आधी करावं लागलं. रत्नावहिनींबद्दल मला पुढं एकदाच कळलं, अंजिराच्या पाट्या घेऊन येणाऱ्या एका बाईकडून. थोरली सून आपल्या लेकीला घेऊन माहेरी गेली आणि तिकडं शाळेत लागली. जाताना तिनं कुत्र्याला विचारलं नव्हतं म्हणे, त्याचीच गावात जास्त चर्चा झाली.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. फाटकाबाहेर पडून आम्ही एसटीच्या थांब्याकडं चालत निघालो. आम्हाला सोडायला जीप निघाली नाही. आप्पांनी टोपी अजून डोक्यावर घातली नव्हती, ती त्यांच्या हातात चुरगळत होती. मी रुमाल सोडला. तुकडा सुपारीएवढा उरला होता.

“आप्पा, आ करा.”

त्यांनी काय आहे, कशाला, असं काही विचारलं नाही. भर रस्त्यात थांबले आणि तोंड उघडलं. मी तुकडा आत टाकला. त्यांचं तोंड एवढंसं झालं, डोळे मिटले, आणि त्यांनी रस्त्याच्या कडेला थुंकलं.

“आगं, ही तर तुरटी.”

“हो.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मग गर्रकन वळले आणि फाटकाच्या दिशेनं चालायला लागले. त्यांच्या पाठीत एकदम बळ आलं होतं. चल, आत्ताच्या आत्ता चाखायला लावतो एकेकाला, असं म्हणत होते. मी त्यांचा हात धरला.

“एकाला सांगून बघितलं मी,” मी म्हणाले. “चाखायला.”

आप्पा थांबले. कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही. बंगल्याच्या आवारात हळद्या भुंकत होता, त्याची दुपारची झोप झाली होती. आप्पांनी टोपी झटकली, नीट घडीवर आणली आणि डोक्यावर घातली. थांब्याजवळ रसवंती होती. आम्ही दोन ग्लास उसाचा रस मागवला. आप्पांनी पहिला घोट तोंडात घोळवला, तुरटी गेल्याची खात्री करून घेतली, आणि बंगल्याकडं मान वळवून बघितलं.

“म्हंजी त्या घरात चव कळतीय ती एकट्या कुत्र्यालाच,” ते म्हणाले, आणि उरलेला रस एका दमात पिऊन टाकला.